रोजाची मऊ अंडी

आमच्या दवाखान्यात कोणी जनावर घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारायचे, "शेवटचं कधी खाल्लं?" नाव, वय, पत्ता सगळं नंतर. माणसं आजाराची गोष्ट नेहमी भलत्याच टोकाकडून सुरू करतात. कुत्रा तीन दिवस उपाशी असतो आणि मालक सांगत असतो की त्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय. खाण्याची वेळ विचारली की माणूस थांबतो, आठवतो आणि मग कामाचं बोलायला लागतो. चोवीस वर्षांत या एका प्रश्नानं जेवढं निदान केलं तेवढं आमच्या जुन्या एक्स-रे यंत्रानंही केलं नसेल.

दवाखाना म्हणजे चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधलं एक जुनं गोदाम. मिरचीच्या एका व्यापाऱ्यानं ते प्राण्यांच्या धर्मादाय ट्रस्टला दिलं होतं. कितीही फिनाईल ओतलं तरी दमट दिवसांत भिंतींतून मिरचीचा वास यायचा आणि टेबलावरची मांजरं शिंकायला लागायची. दर नव्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यात वाटायचं की शहरात मांजरांच्या सर्दीची साथ आली आहे. मी त्यांना वेळीच भिंत हुंगायला सांगायचे.

मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. लग्न होऊन मिरजेहून चेन्नईला आले. नवरा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, सकाळी लवकर जाणार तो दिवेलागणीला परतणार. घरात बसून तमिळ येईना, म्हणून नोंदणीच्या टेबलावर नोकरी धरली. मग औषधांचं कपाट माझ्याकडे आलं, मग ड्रेसिंगचं सामान, मग रांग, मग घरी न्यायच्या सूचना. प्रत्येक गोष्टीची यादी करायची माझी सवय. लोक मला "नोटबुक अक्का" म्हणायचे. मला ते आवडायचं, असं आता निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, स्वस्त दवाखाना म्हणजे औषध स्वस्त. तसं नसतं. औषध सगळीकडे त्याच भावाचं असतं. आम्ही स्वस्त होतो ते अनावश्यक तपासण्या टाळून आणि घरचं शुश्रूषेचं काम घरच्यांकडूनच करून घेऊन. सलाईनऐवजी चमच्यानं पाणी, महागड्या पट्टीऐवजी धुतलेलं जुनं धोतर. पण त्यासाठी घरच्या माणसाला नीट समजावं लागतं. ते माझं काम. डॉक्टर दोन मिनिटांत सांगायच्या, मी दहा मिनिटं घेऊन लिहून द्यायचे, एक, दोन, तीन असे आकडे घालून, तमिळमध्ये. दिलं की रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात "समजले" अशी खूण.

त्या खुणेबद्दलच लिहायचं आहे.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी फोन आला. एका वयस्कर गृहस्थांचा आवाज, तमिळमध्ये, फार सभ्य: "एक पक्षी आजारी आहे. आणू का?" मी म्हटलं, आणा. आमच्या दराच्या फळ्यावर कुत्रा, मांजर, शेळी, गाय आणि शेवटी "पोपट व इतर शोभेचे पक्षी" अशी ओळ होती.

अकराच्या सुमारास सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. नेसायला पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, हातात तारेची टोपली आणि टोपलीवर घडी घातलेलं उपरणं. रांगेत बसताना ते टोपलीवर वाकले आणि हळूच म्हणाले, "थांब गे, थोडकें राहिलें."

मी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मराठी?"

"तुम्हीही? कोणच्या गांवच्या?"

"मिरजेची."

"आम्ही तंजावरचे. म्हणजे आतां पश्चिम मांबलमचे. माझें नांव मुकुंदराव." आणि मग आवाज आणखी खाली आणून, "फोनवर मी पक्षी म्हटलें. तें खोटें नव्हे. पण कोंबडी आहे."

उपरणं बाजूला झालं. मळकट पांढरी कोंबडी, पिसं फुगलेली, तुरा फिकट पडलेला, शेपूट खाली टाकून उभी. त्या उभं राहण्यावरून मला कळलं की दुखणं पोटात मागच्या बाजूला आहे.

"शेवटचं कधी खाल्लं?"

"परवां. दहीभात. तोही अर्धा टाकला."

रांगेत लगेच बातमी पसरली. डॉबरमन घेऊन आलेला एक धट्टाकट्टा माणूस म्हणाला, "तात्ता, ओ आजोबा, किलोला काय भाव लावलाय?" सगळे हसले. मुकुंदरावांनी उपरणं पुन्हा नीट पसरलं आणि शांतपणे म्हणाले, "आधी तुझ्या कुत्र्याचा सांग. मग बोलू."

मग माझ्याकडे वळून मराठीत, "परवां एके ठिकाणीं नेलें होतें. तेथला माणूस म्हणाला, सर, मिरी घालून रस्सा करा, तुमचाही खोकला जाईल. मी म्हटलें, अरे बाबा, आम्ही चतुर्थीस कांदासुद्धां खात नाहीं."

शहरात कोंबडी आजारी पडली की तिच्यावर ठरलेला उपाय तोच असतो. म्हणून फळ्यावर तिचा दर नव्हता. मी तिला "शोभेचे पक्षी" खाली लिहिलं. नाव, रोजा, तमिळमध्ये गुलाब. गुलाबी रंगात बुडवून विकतात त्या पिल्लांपैकी एक, देवळाच्या रथोत्सवात मुकुंदरावांच्या नातीनं हट्टानं घेतलेलं. ही पिल्लं आठवडाभरही जगत नाहीत. हे जगलं, रंग उडाला, नाव राहिलं. नात आईवडिलांबरोबर परदेशी गेली आणि रोजा आजोबांच्या घरी उरली. कडक सोवळ्याच्या शाकाहारी घरात.

आमच्या डॉक्टर जयंती मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि विचारलं, "अंडी देते?"

"देते की. चार दिवस मात्र नाही."

"कवच कसं असतं?"

"चांगलं असतं," मुकुंदराव म्हणाले. "मऊ."

डॉक्टरांचा हात थांबला. "मऊ?"

"ताजं असतं ना. वाळलं की घट्ट होत असेल, पापडासारखं." ते खरोखर माहिती देण्याच्या सुरात बोलत होते. "पूर्वी जरा कडक असायची. दोन-तीन महिन्यांपासून अगदी मऊ येतात. आम्हाला वाटलं, हल्ली छान ताजी देते आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या, कारण मी हसले असते तर त्याही हसल्या असत्या. पण हसण्यासारखं काही नव्हतं. या माणसानं उभ्या आयुष्यात अंडं हातात धरलं नव्हतं. रोजानं घातलेलं अंडं ते केळीच्या पानाच्या तुकड्यानं उचलून दाराबाहेर करवंटीत ठेवायचे आणि कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणारी मुनियम्मा ते घेऊन जायची. घरात त्या वस्तूचं नावसुद्धा घेत नसत. "तें" म्हणत.

दुखणं साधं होतं. अंड्याच्या कवचाला चुना लागतो, कॅल्शियम. रोज दहीभात खाणाऱ्या कोंबडीला तो पुरत नाही. कवच मऊ होतं, मऊ अंडं पुढे सरकत नाही, अडकतं, आणि अडकून राहिलं तर कोंबडी मरते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी टबात कोमट पाणी घेतलं आणि रोजाला त्यात पोटापर्यंत बसवून वीस मिनिटं धरून ठेवलं. पाच मिनिटांत तिनं डोळे मिटले. कोंबडी अंग सैल सोडते तेव्हा तिचं वजन बदलल्यासारखं वाटतं. मग डॉक्टरांनी तेलाचं बोट लावून ते अंडं हळूहळू बाहेर काढलं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं होतं. मुकुंदराव भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत उभे होते.

मी यादी दिली. एक, दहीभात बंद. दोन, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य. तीन, अंड्यांची कवचं धुऊन, तव्यावर भाजून, कुटून रोज दोन चमचे, कारण याहून स्वस्त औषध जगात नाही. चार, शेवग्याचा पाला. पाच, कॅल्शियमचं पातळ औषध. सहा, रोज ऊन. मी प्रत्येक ओळ वाचून दाखवली. मुकुंदरावांनी प्रत्येक ओळीला मान हलवली. मी खूण केली: समजले.

अकराव्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी टोपलीत रोजा उभी नव्हती, आडवी होती. मऊ अंडं आतच फुटलं होतं. डॉक्टरांना अर्धा तास लागला. शेवटी हात धुताना त्या म्हणाल्या, "आता वाचली. पण हे तिसऱ्यांदा झालं तर वाचणार नाही. एका खासगी ठिकाणी शस्त्रक्रिया करतात." आणि खर्च सांगितला. तो ऐकून मुकुंदरावांनी टोपलीवरचं उपरणं सरळ केलं, जरी ते सरळच होतं.

मी विचारलं, "यादी कुठे आहे?"

त्यांनी खिशातून काढून दिली. चार घड्या घातलेली, एकही डाग नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ होती.

"दुकानदार म्हणाला त्या खाद्यांत सुक्या मासळीची पूड असते. आणि तें तीन नंबरचें..." ते मराठीत बोलू लागले. "बाई, घरीं अक्का आहे. माझी थोरली बहीण, गोदाक्का. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या स्वयंपाकघरांत हें कसें नेऊं? तिला विचारायचें तरी कसें?"

"मग मान का हलवलीत?"

"तुम्ही इतकें लिहून काढलें होतें," ते म्हणाले. "नाहीं कसें म्हणावें?"

मी मिरजेत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी वाढले. सकाळी हात घालून ऊबदार अंडी काढणं हे माझं लहानपणचं काम. माझ्या डोक्यातच आलं नाही की ज्या घरात अंडं मऊ असतं असं समजतात, त्या घरात कवच कुटणार कोण? माझ्या यादीत चूक नव्हती. यादी चुकीच्या घरी गेली होती, आणि मी खूण करून मोकळी झाले होते. या मराठी बोलणाऱ्या माणसाला मी तमिळ यादी दिली होती, हेही तेव्हाच लक्षात आलं. बाकीच्या "समजले" खुणांचा विचार त्या दिवसापासून मनातून गेलेला नाही. किती जणांनी नुसती मान हलवली असेल.

"कोंबडी कोणाची आहे?" मी विचारलं. "तुमची की अक्कांची?"

मुकुंदरावांनी टोपली उचलून मांडीवर घेतली. मग सांगितलं. गोदाक्कांची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. भजनाला जाणं सोडलं, देवळात जाणं सोडलं, दाराबाहेर पाऊल टाकेनात. कोंबडीला तर त्या सुरुवातीला घरातच घेत नव्हत्या. पण पिल्लू आवाजानं त्यांना ओळखायला लागलं, त्या बोलल्या की येऊन पायाशी बसायला लागलं. आता सकाळ-संध्याकाळ त्या मागच्या अंगणाच्या तीन पायऱ्या उतरतात, त्या फक्त रोजाला फिरवायला. "ही गेली तर अक्का त्या पायऱ्या पुन्हां उतरणार नाहीं," मुकुंदराव म्हणाले. "हें मला ठाऊक आहे."

शनिवारी दुपारी मी मांबलमला गेले. दवाखान्याच्या नियमात हे बसत नव्हतं, पण चूक माझी होती.

गोदाक्का नऊवारीत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रोजा त्यांच्या पायाशी, डोळे मिटून. त्यांनी माझ्या पावलांच्या दिशेनं तोंड वळवलं. "दवाखान्याच्या बाई ना? बसा. कापी घ्या." मुकुंदराव कॉफी करायला आत गेले. त्याबरोबर त्या पुढे वाकल्या. "आतां खरें सांगा. मुकुंद मला कांहीं सांगत नाहीं. तीनदां टोपली घेऊन गेला, तीनदां परवाइल्लै, कांहीं नाहीं, म्हणाला. ही मरते आहे कां?"

मी सरळ सांगितलं. चुना कमी पडतोय, अंडं अडकतंय, पुढच्या वेळी वाचणार नाही. उपाय दोन. एक मासळीची पूड असलेलं खाद्य, एक कुटलेली कवचं. आणि ते तुमच्या घरात आणायचं धाडस तुमच्या भावाला होत नाही.

त्यांचा हात रोजाच्या पाठीवर गेला. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मुकुंदराव ऐकत असावेत.

"तीं कवचें कोणाचीं?" अक्कांनी विचारलं.

"कोणत्याही कोंबडीची चालतील."

"दुसरीचीं मी घरांत येऊं देणार नाहीं." मग थांबून, "हिचींच असलीं तर?"

"हिची आता मऊ येतात, अक्का. त्यात काही नसतं."

"आतां. पूर्वीं कडक यायचीं ना? जें तिच्या पोटांतून आलें तें तिला परत द्यायचें, त्यांत माझें सोवळें मध्यें कुठें येतें? मुकुंद, मुनियम्मेला हाक मार."

मुनियम्मा गरम इस्त्री गाडीवर ठेवून, पदराला हात पुसत आली. त्या घराची मराठी तिला कळायची; प्रश्न ऐकून ती तमिळमध्ये अक्कांना म्हणाली, "कवचं? आहेत की पाट्टी! माझ्या मोगऱ्याच्या कुंड्यांत उलटी खोचून ठेवलीयत, झाडाला चांगलं असतं. तीस-चाळीस निघतील."

"आणि मऊ यायला लागलीं तेव्हां बोलली कां नाहींस?"

"मला काय माहीत? मी म्हटलं, दहीभात खाणाऱ्या घरची कोंबडी, अंडंसुद्धा तसंच मऊ देणार."

गोदाक्का हसल्या. मुकुंदराव कॉफी घेऊन दारात उभे होते, तेही हसले, पण जरा घाबरत. कारण मासळीच्या खाद्याचा प्रश्न राहिला होता आणि तो काढायचा कोणी हे ठरत नव्हतं. शेवटी मीच काढला.

"तें घरांत येणार नाहीं," अक्का म्हणाल्या. माझी वही आपोआप मिटली गेली. "पण मुनियम्मा, तुझ्या गाडीखालीं जागा आहे ना?"

"आहे की."

"मग दुपारचें ती तेथें जेवेल. मुकुंद चाळीस वर्षें कचेरीच्या कँटीनमध्यें खात होता. काय खातो म्हणून मी कधीं विचारलें? बाहेर जेवून यायचें, पाय धुवायचे, घरांत यायचें."

मुकुंदराव म्हणाले, "अक्का, मी तेथें इडलीच खात होतों!"

"हो, हो," गोदाक्का म्हणाल्या. "ती पण तसेंच सांगेल."

मी नवी यादी लिहिली, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक ओळीपुढे कोण करणार त्याचं नाव घातलं. कवचं धुणं, भाजणं, कुटणं: मुनियम्मा. पाला आणि औषध: मुकुंदराव. दुपारी कोपऱ्यावर नेणं-आणणं: इथे मी थांबले. अक्का म्हणाल्या, "माझें नांव घाला. ती माझ्या आवाजामागें चालते, मुकुंदच्या नाहीं." दाराबाहेरच्या रस्त्यावर तीन वर्षांत न गेलेल्या बाई हे बोलत होत्या. मी घातलं नाव.

निघताना मुकुंदराव फाटकापर्यंत आले. "तोपर्यंत अडकलें नाहीं म्हणजे झालें," ते म्हणाले. तेच माझ्याही मनात होतं. कवचं पोटात गेली म्हणून दुसऱ्या दिवशी चुना तयार होत नाही. आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढ्यात एखादं मऊ अंडं वाटेत अडकलं तर संपलं. मी त्यांना सांगितलं, अंडं आलं की कसंही असो, मला फोन करा.

चौथ्या दिवशी फोन आला. मऊच होतं, पण बाहेर आलं होतं. सातव्या दिवशी मुकुंदराव म्हणाले, "कांहीं कळत नाहीं, पानाच्या तुकड्यांतून जरा टणक लागलें." म्हटलं, मुनियम्माला दाखवा. ती येईपर्यंत मांजरानं करवंटी रिकामी केली होती. मग दोन दिवस काहीच नाही. रोजा खात होती, पण अंडं नव्हतं. मी टबाचं पाणी तापवायची तयारी ठेवून बसले. डॉक्टर जयंती एरवी पेशंटचं नाव कधी विचारत नसत. त्या दिवशी जाता जाता म्हणाल्या, "त्या मांबलमच्या रोजाचं काय?"

दहाव्या दिवशी सकाळी सहा वाजता घरच्या फोनची घंटा वाजली. मला वाटलं मुकुंदराव. आवाज गोदाक्कांचा होता.

"सुनंदाबाई, झालें. घट्ट आहे. नदींतल्या गोट्यासारखें."

"मुनियम्मा इतक्या लवकर आली?"

"ती आठला येते. मुकुंदला पानांतून कळत नाहीं आणि मला डोळ्यांनीं दिसत नाहीं. मग काय करूं? हात घातला."

"तुम्ही... हातात घेतलंत?"

"अजून हातांतच आहे. ऊन-ऊन आहे हो. तुम्ही कोणी मला सांगितलें नाहीं कीं हें इतकें ऊन असतें." मागे मुकुंदरावांचा आवाज येत होता, अक्का, खाली ठेव, अक्का, पूजा व्हायची आहे. "ओरडतो आहे. आंघोळ करीन की. पाणी कुठें पळून जातें?" मग फोन जरा लांब धरून त्यांना, "ठेवतें रे. थोडें थांब. निवूं दे."